बंदराच्या वाटेवरून तीन पत्रे

पत्र पहिले
जुन्नर, सकाळ

ती. दादा व आई,

लेण्याद्रीला येणारी बहुतेक माणसे सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे दर्शन घेतात आणि तशीच पायऱ्या उतरतात. शेजारच्या सहाव्या लेण्याकडे, म्हणजे चैत्यगृहाकडे, फार थोडे वळतात. त्या चैत्यगृहात ब्राह्मी अक्षरांत दात्याचे नाव कोरलेले आहे. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा सुलसदत्त याने हे दान दिले, असे तो लेख सांगतो. म्हणजे जुन्नरच्या डोंगरातले इतके देखणे लेणे कल्याणच्या पैशातून उभे राहिले, आणि कल्याण त्या काळी समुद्रावरच्या व्यापाराचे नावाजलेले बंदर होते.

घोडेगावातून पहाटेची एसटी धरून निघायचे, जुन्नरहून घाटघर, तिथून नाणेघाट पायी उतरून वैशाखरे आणि मग कल्याणची खाडी, असा आजचा बेत त्या एका नावामुळे ठरला. एकट्याने करण्याजोगा हा प्रवास एका दिवसात बसतो. जुन्नरच्या बसस्थानकावर अजून थंडी आहे, चहाच्या टपरीवर गर्दी आहे, आणि घाटघरच्या गाडीला थोडा वेळ आहे. तेवढ्यात हे पहिले पत्र.

शाळेत जुन्नर म्हटले की शिवनेरी आणि १९ फेब्रुवारी १६३०. ते योग्यच आहे. पण या गावाला शिवजन्माच्या आधीचे दीड हजार वर्षांहून मोठे आयुष्य आहे, आणि ते सारे भोवतालच्या डोंगरांत कोरून ठेवलेले आहे. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या चार ठिकाणी मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. तुळजा लेण्यातले चैत्यगृह तर गोल आहे, बारा खांबांचे, आणि स्तूप मधोमध. तिथे एकदा तरी जायलाच हवे.

या लेण्यांतले दाते पाहिले की जुन्नरची खरी ओळख पटते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने, लेखातल्या कालगणनेनुसार सेहेचाळिसाव्या वर्षी, मानमोडीत मंडप आणि टाके दिले. आणि यांच्याच पंगतीत तीन यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे मानले जाणारे परदेशी, आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला आणि चंदाने गर्भद्वार करून दिले. बहुधा समुद्रावरून आलेली ही माणसे इथे नुसता माल विकून परतली नाहीत. त्यांनी दुष्काळी वाऱ्याच्या या पठारावर पाण्याची सोय केली आणि इथल्या संघाला दान दिले. यवनाने जुन्नरच्या खडकात टाके खोदवून घ्यावे, एवढे सांगितले की या गावाचे समुद्राशी असलेले नाते वेगळे सांगायला नको.

ते नाते पुढेही तुटले नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितीन हा व्यापारी होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. चौलहून पालीवरून तो जुन्नरला आला आणि पावसाळा इथेच काढला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलला तर तो परत मिळेल असे बजावले. अखेर खुरासानच्या एका ख्वाजाने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. हा सगळा प्रसंग निकितीनने आपल्या ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या टिपणात लिहून ठेवला आहे. परक्या मुलखात एकटा माणूस मुसळधार पावसात जुन्नरला अडकला होता, हे वाचताना त्याच्याबद्दल माया वाटते. चौलजवळ रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. जुन्नरलाही असायला हवे.

गाडी लागली. बाकी घाटमाथ्यावरून.


पत्र दुसरे
नाणेघाट, दुपार

ती. दादा व आई,

घाटघरपर्यंतचा रस्ता आपटाळे सोडल्यावर मोकळ्या मावळातून जातो. भाताची खाचरे कापून झाली आहेत, खळ्यांवर पेंढा रचला आहे. डावीकडे जीवधन किल्ला आणि त्याच्या बाजूचा वानरलिंगी सुळका सारखा सोबतीला असतो. घाटघर मागे टाकले की पठार अचानक संपते आणि पुढे थेट कोकण दिसते. नानाचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा कडा उजव्या हाताला, आणि त्याच्या पायथ्याशी खडकात फोडलेली अरुंद खिंड. तीच घाटाची वाट.

खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. शाळांच्या सहली इथे थांबतात आणि पोरे रांजणात डोकावून बघतात. पण या घाटाचा मोठा ठेवा काही पावले खाली, उतरतानाच्या वाटेवरच्या लेण्यात आहे.

लेणे साधे, चौकोनी. कोरीव खांब नाहीत, स्तूप नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती मात्र ओळींनी भरलेल्या. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा हा लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. सुरुवातीला इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन आहे. मग केलेल्या यज्ञांची यादी येते. अश्वमेध, राजसूय, आणखी कितीतरी. त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणा एकामागून एक: गायी, हत्ती, घोडे, रथ, वस्त्रे, कार्षापण नाणी. एके ठिकाणी गायी १०,००१ आहेत, दुसरीकडे १,७००. एका दक्षिणेचे कार्षापण २४,४०० आहेत.

हे आकडे अंकांत लिहिलेले आहेत, म्हणून या लेखाचे मोल जगभरच्या गणिताच्या इतिहासात आहे. त्यात शून्य नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांची वेगवेगळी चिन्हे आहेत आणि ती जोडून मोठी संख्या बनते. आज जे अंक जगभर चालतात त्यांच्या पूर्वजांची इतकी जुनी आणि इतकी मोठी मांडणी फार थोड्या ठिकाणी सापडते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. भगवानलालांसारख्या माणसाने या अंधाऱ्या गुहेत अक्षर न् अक्षर तपासत किती काळ काढला असेल, याची कल्पना भिंतीसमोर उभे राहिल्यावर येते. खडक झिजला आहे, मधली अक्षरे गेली आहेत, आणि तरी अर्थ लावलेला आहे.

मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. वर नावे कोरलेली आहेत. मूर्ती जवळपास नाहीशा झाल्या आहेत, पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात.

एक प्रश्न इथे सुचतो. राणीने आपल्या यज्ञांची नोंद राजधानीत, देवळात, महालात न करता या आडघाटात का केली? उत्तर खाली कोकणात उतरणाऱ्या वाटेकडे बोट दाखवते. सोपारा आणि कल्याणहून पैठण-तेरकडे जाणारे कितीतरी व्यापारी, त्यांचे बैल, त्यांचे मुनीम, त्यांचे भारवाहक याच खिंडीतून जात. दम खायला याच लेण्यात टेकत. राज्यातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या दगडांत हा असणार. नागनिकेला हे पक्के माहीत होते, असे मानल्याशिवाय या जागेची निवड उलगडत नाही.

वाटेवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, काही ठिकाणी बांधीव पायऱ्या आहेत. माणसांपेक्षा लादलेल्या जनावरांचा विचार करून ही वाट केलेली असावी. १६७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईहून कल्याणमार्गे जुन्नरला आला होता. जुन्नरच्या मोगल अंमलदाराने घरच्या माणसाच्या आजारपणासाठी त्याला बोलावले होते. येताना त्याला दुसऱ्या, फार अवघड वाटेने चढावे लागले. परतताना तो नाणेघाटाने उतरला, आणि माथ्यावर मीठ लादलेल्या बैलांचा तांडा समोरून येत होता म्हणून खोळंबला. फ्रायरने आपले प्रवास आठ पत्रांच्या रूपात लिहिले आणि ते पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. लढायांनी उजाड झालेली गावे, उपाशी शेतकरी, शिवनेरीवरचे धान्याचे साठे, सगळे त्यात आहे. जुन्नरच्या इतिहासाला हा परका पत्रलेखक फार उपयोगी पडला आहे.

एक काळजीची गोष्ट लिहायलाच हवी. लेखाच्या आसपास नावे कोरण्याची खोड अजून गेलेली नाही. ज्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक आहेत तिथे खडू लावणे, पाणी मारणे, बोटे फिरवणे, यातले काहीही करू नये. पावसाळ्यात, उलट्या धबधब्यासाठी गर्दी लोटते तेव्हा तर या गुहेला राखणदाराची गरज असते.

आई, जेवण झाले. बाजरीची भाकरी आणि ठेचा पुरला. एकटे असल्यामुळे घाटघरच्या एका घरी सांगून ठेवले आहे, आणि ऊन कलायच्या आत खाली उतरायचे आहे.


पत्र तिसरे
कल्याण, संध्याकाळ

ती. दादा व आई,

घाट उतरून वैशाखऱ्याच्या डांबरी रस्त्याला लागायला दोन-तीन तास लागतात. वरचा भाग दगडी, खालचा जंगलातला. पाय गुडघ्यातून बोलतात, पण वाट चुकण्यासारखी नाही. वैशाखऱ्याला आळेफाट्याकडून येणारी कल्याणची एसटी मिळते. टोकावडे, मुरबाड करत ती थेट कल्याणात आणून सोडते.

गाडीत शेजारी जुन्नरच्या पश्चिम भागातले एक महादेव कोळी गृहस्थ होते. हिरड्याचा विषय निघाला. आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात बाळहिरडा हे आजही अनेक घरांचे रोख उत्पन्न आहे. झाडावरून कोवळी फळे उतरवायची, वाळवायची आणि व्यापाऱ्याला द्यायची. हा हिरडासुद्धा बंदराचाच माल. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून विलायतेला कातडी कमावण्यासाठी हिरडा मोठ्या प्रमाणावर जाई. भीमाशंकरच्या रानातून आहुपे घाटाने खोपिवलीला उतरणारी वाट, नाणेघाट, माळशेज, या सगळ्या वाटा एकाच पाण्याकडे जातात. आज नारायणगावची द्राक्षे न्हावाशेव्याहून परदेशी जातात, तेव्हा तीच जुनी दिशा नव्या गाड्या धरतात.

कल्याण मात्र आता बंदर वाटत नाही. एसटी स्टँडमधून बाहेर पडल्यावर रिक्षांचा कलकलाट, पूल, दुकाने. दुर्गाडी किल्ल्याशी पोहोचले की खाडी दिसते. उल्हासचे पाणी गढूळ, काठावर गाळ. याच खाडीची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गांच्या पुस्तकात आहे. सातवाहनांच्या एका राजाच्या काळात कल्याण ही कायदेशीर बाजारपेठ होती, पुढे सत्ता बदलली आणि इथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेऊ लागले, असे तो अनामिक लेखक सांगतो. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातली ओढाताण बंदरावर कशी उतरली याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक प्रवाशानेही कल्याणचे नाव मोठ्या बंदरांत घेतले आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची पहिली जहाजे याच खाडीच्या काठी बांधायला घेतली. फ्रायर आला तेव्हा त्याला इथे भव्य पडक्या इमारतींचे अवशेष दिसले होते.

मग वाट कशी सुनी झाली? १८३० मध्ये भोर घाटातून गाडीरस्ता झाला. १८५४ मध्ये कल्याणला रेल्वे आली, १८६३ मध्ये ती भोर घाट चढून गेली. माल बैलाच्या पाठीवरून उतरून डब्यात गेला, आणि नाणेघाटात फक्त गुराखी आणि मीठमिरची आणणारे गावकरी उरले.

जपानमध्येही असेच घडले होते. योकोहामा बंदर १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले आणि आतल्या हाचिओजी गावात जमणारे रेशीम डोंगरवाटेने तिकडे जाऊ लागले. १९०८ मध्ये रेल्वे झाली आणि ती वाटही ओस पडली. पण हाचिओजीकरांनी यारिमिझु भागातला तिचा एक मातीचा तुकडा तसाच राखला, शेजारी रेशीमवाटेचे छोटे संग्रहालय उभारले. हाचिओजीची वाट बंदरासाठी वापरात आली ती दीडशे वर्षांपूर्वी. आपली दोन हजार वर्षांपूर्वी. तिच्यावर लेख आहे, टाकी आहेत, रांजण आहे, वर लेणी आहेत आणि खाली खाडी आहे. तिला संग्रहालय नसले तरी चालेल, पण निदान घाटघर ते वैशाखरे ही पाऊलवाट मूळच्या दगडांसकट राखली पाहिजे. तिच्यावर सिमेंटच्या पायऱ्या येऊ नयेत.

जुन्नर तालुक्याने पर्यटन तालुका म्हणून नाव मिळवले आहे. आता येणाऱ्याला शिवनेरी आणि लेण्याद्रीबरोबर ही वाटही दाखवावी, आणि शाळांनी सहल नाणेघाटाच्या माथ्यावरून मागे न वळवता एकदा तरी कल्याणच्या खाडीपर्यंत न्यावी. सुलसदत्ताचे गाव पाहिले म्हणजे पोरांना लेण्याद्रीचे सहावे लेणे पुन्हा बघावेसे वाटेल.

माळशेजमार्गे परतीची गाडी रात्री आहे. ओतूरला उतरून पहाटेपर्यंत घोडेगावी येणे होईल. काळजी नसावी.