पाण्याच्या वाटा

आमच्या अक्काची रांगोळी बिघडली आणि घरावर संकट आले, असे म्हटले तर वाचक हसतील. पण घडले ते असेच. २०२३ च्या दिवाळीत, वसुबारसेला ती अंगणात बसली आणि एकही रेघ तिला सरळ ओढता येईना. "अरे, रांगोळी चिमटीत आहे की नाही, हेच मला कळत नाही," ती म्हणाली. आई गेल्यावर जिने मला वाढविले, ती अक्का घाबरलेली मी प्रथमच पाहिली. वाताचे म्हणून आम्ही तेल चोळीत राहिलो. पौष सरला तोवर ती भिंत धरून चालू लागली.

पुण्याच्या एका रुग्णालयात एमआरआय काढला. मानेत, मज्जारज्जूच्या आतच गाठ निघाली. जेमतेम करंगळीएवढ्या जाडीचा हा दोर! गाठ ठेवली तर हातपाय जाणार. काढताना चुकले तरीही जाणार. अक्का म्हणाली, "तू म्हणशील तिथे सही करते."

विज्ञानाशी माझे नाते मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपले. तेव्हा वर्गातल्या ढ मुलासारखे मी डॉक्टरांना विचारले, "गाठ कशी आहे ते आधी कळत नाही का?" त्यांनी आणखी एका तपासणीचे चित्र पडद्यावर लावले. डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग हे तिचे भारदस्त नाव. पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ती मांडली. तिचे मर्म मात्र कोणाही शेतकऱ्याला उमगावे. शरीरातले पाणी कधी स्वस्थ नसते. तंतूंच्या जुडीत ते लांबीच्या दिशेने सहज सरकते, आडवे जाताना अडते. उसातले पाणी सरीच्या अंगाने धावते, तसेच. यंत्र त्या हालचालीची दिशा मोजते आणि गणित तिच्यावरून तंतूंच्या वाटा रेखाटते. वरखाली जाणारी वाट निळी, डावी-उजवी तांबडी, पुढची-मागची हिरवी, असा रंगांचा संकेत.

अक्काच्या मानेत निळ्या रेघा उतरत आल्या होत्या. गाठीपाशी त्या दुभंगल्या आणि तिला वळसा घालून खाली पुन्हा एकत्र आल्या. ओढ्यातल्या धोंड्याभोवतून पाणी जावे, तशा.

"हे बरे लक्षण," डॉक्टर म्हणाले. "एपेन्डिमोमा जातीची गाठ बहुधा तंतूंना बाजूला सारते, ॲस्ट्रोसायटोमा त्यांच्यात मिसळते. मिसळलेली असती, तर थोडी काढून थांबावे लागले असते." मला हायसे वाटले. तोच ते म्हणाले, "पण मास्तर, हे चित्र म्हणजे तंतू नव्हेत. मज्जारज्जू बारीक, त्यात श्वासाने, नाडीच्या ठोक्याने हलणारा. चित्र पुसट येते, चुकतेही. यावरून बेत करू. खरे काय ते आत गेल्यावर."

मी अक्काला काहीही न लपविता सारे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "नकाशा तरी आहे ना? तुला एकट्याला एसटीत बसवून शहरात धाडले, तेव्हा माझ्यापाशी तेवढाही नव्हता." आणि तिने सही केली.

शस्त्रक्रिया सात तास चालली. हातापायांकडे जाणारे विद्युत्संदेश एक तंत्रज्ञ सतत पाहत होता. गाठ एपेन्डिमोमाच होती, सबंध निघाली. पण ती काढायला मज्जारज्जू मागून, मधोमध उघडावा लागतो आणि हातपाय कुठे आहेत याची जाणीव वर नेणारे तंतू तिथेच असतात. ते दुखावले. असे होईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. अक्का आता भिंत न धरता चालते. मात्र पायांकडे बघत. अंधारात तिचा तोल जातो.

२०२४ च्या दिवाळीत ती पुन्हा अंगणात बसली. बोटांवर डोळ्यांचा पहारा ठेवून एकेक रेघ ओढीत होती. सात ठिपक्यांच्या साध्या रांगोळीला तासभर लागला. रेघा वाकड्याच आल्या. शेजारीण म्हणाली, "अक्का, यंदा रेघा अशा का हो?"

"अगं, मध्ये धोंडा होता," अक्का म्हणाली. "वळसा घालून आले."