थिओक्रिटसच्या रानातल्या वस्तू

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या थिओक्रिटसने होमरच्या वीरांचं वृत्त शेळ्या राखणाऱ्यांच्या तोंडी घातलं. युरोपातलं गोपकाव्य तिथून सुरू झालं. त्याच्या नावावर तीसेक रचना आहेत. सगळ्या त्याच्याच नाहीत, आणि सगळ्या रानातल्याही नाहीत. ज्या रानातल्या आहेत, त्यांतलं काय काय गेलं, ते इथे टिपून ठेवतो.

वाडगा. लाकडी, खोल, दोन कानांचा. आतून मेण फिरवलेलं, पटाशीचा वास अजून न गेलेला. शेळ्यावाल्याने तो कालिद्नाच्या नावाड्याकडून घेतला. मोल म्हणून एक शेळी आणि चीजचा मोठा गड्डा मोजला. अजून ओठालाही लावलेला नाही. डॅफ्निस या गुराख्याच्या मरणाचं गाणं ऐकायला मिळावं म्हणून तो हा वाडगा देऊ करतो, वर तीनदा धार काढायला एक शेळीही. दोन करडांना पाजून दोन चरव्या भरणारी.

वाडग्यावर कोरलेला मुलगा. द्राक्षमळ्याच्या गडग्यावर राखणीला बसलेला. दोन कोल्हे आले आहेत: एक पिकलेले घड खात सरींमधून फिरतोय, दुसऱ्याचा डोळा मुलाच्या शिदोरीवर आहे. मुलाला पत्ता नाही. तो लव्हाळ्याने नाकतोड्यांसाठी पिंजरा विणतोय, आणि त्या विणण्यात त्याला शिदोरीहून आणि मळ्याहून जास्त सुख आहे. सगळ्या गोपकाव्यात मला याहून खरं पोर भेटलेलं नाही.

भर दुपारची बंदी. या वेळी पावा वाजवायचा नाही. शिकारीने थकलेला पॅन देव झोपलेला असतो, आणि तो रागीट आहे.

वास. कॉस बेटावर सुगीच्या सणाला निघालेल्यांना वाटेत लिसिडास भेटतो. खांद्यावर बोकडाचं केसाळ कातडं, हातात रानऑलिव्हची वाकडी काठी. दूध फाडायला करडाच्या पोटातून काढतात त्या द्रव्याचा ताजा वास त्या कातड्याला येतो. माणूस शेळ्या राखणारा आहे हे सांगायला कवीला एवढं पुरतं. हा वास सर्वांत आधी गेला. दोनशे वर्षांनी व्हर्जिलने हे काव्य लॅटिनमध्ये नेलं. त्याची थोरवी मी मानतो, पण त्याच्या मेंढपाळांच्या अंगाला कातड्याचा दर्प उरला नाही. पुढे तर चिनी मातीच्या मेंढपाळणी दिवाणखान्यात आल्या, आणि व्हर्सायच्या आवारात 1783 पासून राणीसाठी हौसेचं खेडं उभं राहिलं.

काटा. गुरांच्या नादात बॅटसच्या घोट्याखाली मोडला. गुराखी कोरिडॉन तो नखांनी उपसून काढतो, आणि डोंगरावर अनवाणी फिरू नकोस म्हणून बजावतो. मोठ्या काव्यात याआधी अशा काट्याला जागा नव्हती.

हाळी. 'सित्ता!' म्हटलं की शेळी वळायची. तशीच जनावरांची नावं: किस्साइथा, किमाइथा. गाण्याच्या मधेच थांबून राखणारा एखादीला नावाने दटावतो. ओळ तुटते, कवी ती तशीच तुटू देतो.

पावा. बोरूच्या नळ्या, मेणाने सांधलेल्या. मरताना डॅफ्निस तो पॅनच्या हवाली करतो.

बोली. हे सगळं डोरिक बोलीत आहे, तोंड पसरून बोलायच्या 'आ'काराची. थिओक्रिटसच्याच एका रचनेत अलेक्झांड्रियाच्या गर्दीत एक परका माणूस सिराक्यूजच्या दोन बायकांच्या या उच्चारावर चिडतो. त्यातली एक त्याला फाडकन सुनावते: आमचं मूळ कॉरिंथचं, डोरियन माणसाने डोरिक बोलू नये की काय? त्याच राजधानीत, ग्रंथालयाच्या सावलीत लिहिणाऱ्या कवीने गावची वाणी शुद्ध करून घेतली नाही, उलट काव्यात मिरवली. मला त्याचं हे धाडस सर्वांत मोठं वाटतं.

इसवी सनापूर्वी 212 मध्ये सिराक्यूज रोमनांनी घेतलं. पुढे डोरिकच्या जागी जवळजवळ सर्वत्र सामाईक ग्रीक आली. त्या बोलीचा एक वंशज अजून आहे: त्साकोनियन, पेलोपोनीजच्या पूर्व किनाऱ्यावर, लिओनिदिओच्या आसपासच्या गावांत. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांनी ती डोंगरात जपली. आता बोलणारे बहुतेक म्हातारे आहेत, आणि नातवंडांशी ते सामाईक ग्रीकमध्ये बोलतात.