लाईन

"उठा, लाईन आली!"

केदारखेड्याच्या शिवारात, पूर्णेच्या काठाला, रब्बीच्या दिवसांत मध्यरात्रीनंतर कधीतरी ही हाळी उठते आणि वस्तीवरचं घर जागं होतं. स्टार्टरच्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे लागलेले असतात. तिन्ही सारखे पेटले असले तर मोटार चालवायची. एखादा मंद असला तर पेटीला हात लावायचा नाही. वडील कानाला मफलर गुंडाळतात, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं घेतात आणि गव्हाला दारं धरायला निघतात. आई उठून उंबऱ्यापाशी बसून राहते. बांधावर जनावर निघतं, अंधारात पाय कुठे पडेल सांगता येत नाही. बॅटरीचा उजेड शेताच्या टोकापर्यंत जाऊन परत वळलेला दिसेपर्यंत ती आत येत नाही.

त्या घटकेला 'लाईन' म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. ती आली आहे आणि पहाटे जाणार आहे. ती असेल तोवर पाणी, ती गेली की झोप. घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा तिच्या वेळा आम्ही जास्त सांभाळल्या आहेत. एका आठवड्यात ती दिवसा येते, दुसऱ्या आठवड्यात रात्री. आणि ती कोणत्या आठवड्यात कशी येणार हे सोयरिकीच्या तारखेइतकं सगळ्यांना पाठ असतं.

इंग्रजीत तिला लिंग नव्हतं. मराठीत आली तेव्हा रेषा, रांग, ओळ, तार, दोरी, वाट अशा बायकांच्या घोळक्यात येऊन बसली आणि त्यांच्यातलीच झाली. 'ती लाईन'. एकीच्या दोन झाल्या की 'लायनी'. तिला प्रत्ययही आमचेच लागले: लायनीत, लायनीनं, लाईनवर. परक्या घरातून आलेली पोर सासरचं आडनाव लावते तशी ती निमूट मराठी विभक्ती लावून वावरू लागली.

तिची कामं तरी किती! डांबावरून जाते ती लाईन. नदीवरून शेतात पाणी आणते ती पाईपलाईन, आणि ठिबकवाल्याच्या तोंडी तिच्या दोन लेकी: मेन लाईन आणि सबलाईन. रेशनच्या दुकानापुढे पिशव्या ठेवून धरतात ती लाईन. बारावीनंतर पोरगं कुठं गेलं, तर 'आयटीआयच्या लाईनला'. दुकान चालत नाही, तर 'या लाईनमध्ये आता काही राहिलं नाही'. पोराचं बस्तान बसलं, तर 'लाईनला लागलं'. बिघडलेला सुधारला, तर 'लाईनवर आला'. रेंगाळलेल्या कामाला परवानगी मिळाली, तर 'लाईन क्लिअर'. हा मूळचा रेल्वेचा शब्द, स्टेशनमास्तरच्या खोलीतून निघून लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचलेला. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा 'लायनिंगचा'. एस. टी. स्टँडवर उगाच घिरट्या घालणारं पोरगं काय करतं, तेही तिच्याच नावावर. त्या कामाबद्दल मात्र घरात मोठ्यांसमोर बोलत नाहीत.

गवंड्याकडे ती 'लाईनदोरी' होते. विटेच्या थराच्या दोन टोकांना खिळे, मध्ये ताणलेली सुताची दोरी. गवंडी तिला बोटाने एक टिचकी मारतो, ती थरथरून सरळ होते, आणि तिच्याशी मेळ बसवत पुढची वीट बसते. या जोडशब्दात दोरीच दोनदा आहे, हे मला फार उशिरा कळलं. ते कसं कळलं, ते पुढे सांगतो.

गेल्या खरिपात पीक विम्याचा अर्ज भरायला तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका केंद्रात गेलो होतो. बाहेर तीस-चाळीस माणसं उभी. एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "काय झालं, बाबा?" ते म्हणाले, "लाईन गेली, म्हणून ऑनलाईन होईना, म्हणून ही लाईन लागली." एका वाक्यात तीन लायनी, तिन्हींचा अर्थ वेगळा, आणि कुणाचाही गोंधळ नाही. खेड्यात 'ऑनलाईन' हे आता नामच झालं आहे. 'तुमचं ऑनलाईन झालं का?' असं विचारतात. पीक पाहणीचं ऑनलाईन, सातबाऱ्याचं ऑनलाईन, पोराच्या शिष्यवृत्तीचं ऑनलाईन. आणि ज्या कार्डावर धान्य मिळतं, त्या 'बीपीएल'मधलं शेवटचं अक्षर म्हणजेही तीच, अंग चोरून बसलेली. सरकारने तिचं 'दारिद्र्यरेषा' असं भाषांतर केलं, पण लोकांच्या तोंडी बीपीएलच राहिलं.

शाळेत असताना मी निबंधात लिहिलं होतं, 'लाईन गेल्यामुळे अभ्यास झाला नाही.' गुरुजींनी लाल शाईने 'लाईन' खोडून वर 'वीज' लिहिलं. गुरुजींना मराठीची तळमळ होती, याबद्दल मला शंका नाही. पण तो शब्द मला तेव्हाही बसला नाही आणि आजही बसत नाही. आमच्याकडे वीज आभाळातून येते. ती पडते. जूनच्या पहिल्या वळवात निंबाखाली बांधलेल्या बैलांवर पडते, शेळ्या राखणाऱ्या पोरावर पडते. 'वीज आली' असं आनंदाने ओरडायला आमची जीभ धजत नाही. जिची भीती वाटते ती वीज आणि जिची वाट पाहायची ती लाईन, अशी वाटणी लोकांनी करून टाकली, आणि ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

सरकारी कागदात तिचं नाव 'वाहिनी' आहे. 2017 साली आलेल्या योजनेचं नाव 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना', आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या लायनीला दिवसा पुरवठा द्यायचा. शब्द चांगला आहे, नदीसारखा वाहता. योजना त्याहून चांगली आहे. ती शेवटच्या वस्तीपर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं, म्हणजे उंबऱ्यावर बसलेल्या बाईला रात्र जागवावी लागणार नाही. पण योजना पोचली तरी त्या दुपारी शेतात हाळी उठेल ती 'लाईन आली' हीच.

तिच्या या सगळ्या रूपांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो लाईनमन. डांबावर चढण्याआधी तो फोनवरून उपकेंद्रातून 'परमिट' घेतो, म्हणजे मी वर असेपर्यंत ही लाईन बंद ठेवा, असं कबूल करून घेतो. डीओ, म्हणजे डांबावरचा फ्यूज, उडालेला असतो, नाहीतर एखादा जंप, म्हणजे जोडतार, तुटलेला असतो. खाली आम्ही दहाजण माना वर करून उभे. तो वर काय करतो ते आम्हाला कळत नाही, पण तो खाली उतरून पाय जमिनीला लावेपर्यंत कुणी मोठ्याने बोलत नाही.

दिवाळीत पुतणी पुण्याहून आली. ती स्पॅनिश शिकते. ओसरीवर बसून ती एक कागद सोडवत होती. वर इंग्रजीतला एकच शब्द, 'लाईन', आणि खाली आठ-नऊ वाक्यं. प्रत्येक वाक्यात लाईन वेगळी, आणि प्रत्येकीला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द हवा. ती वैतागली होती. "काका, यांचा एक शब्द, आणि त्यांचे इतके. लक्षात तरी किती ठेवायचे?"

वडील शेजारी सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "वाच बरं एकेक."

ती वाचू लागली. कागदावर ओढतात ती लीनेआ किंवा राया. "रेघ," वडील म्हणाले. कवितेतली ती वेर्सो, वहीतली ती रेंग्लोन. "ओळ. दोन्हीला ओळच." मासे धरायच्या गळाची ती सेदाल. "तंगूस." चेहऱ्यावरची ती अर्रुगा. वडिलांनी आजीच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुरकुती." माणसं शेजारी शेजारी उभी राहतात ती फिला, एकामागे एक तिष्ठतात ती कोला. "आबा, कोला म्हणजे शेपूट. ते लोक रांगेला शेपूट म्हणतात." वडिलांना हे फार आवडलं. "बरोबरच आहे. उशिरा गेलेल्याच्या हाती शेपूटच येतं."

कागद दहा मिनिटांत सुटला. मी मात्र दिवसभर त्यातच राहिलो. मला तोवर वाटायचं की लाईन आमच्या भाषेत शिरली आणि पसरत गेली, जिथे जागा दिसेल तिथे बसली. तसं तिने केलेलंच नाही. जात्यावरच्या ओवीची ओळ तिने घेतली नाही. हातावरची रेषा, कपाळावरची आठी, कपडे वाळवायची दोरी यांना ती शिवली नाही. तिफणीमागे पडतात ती तासंच राहिली. चतुर्थीला आमच्या गावातून माणसं पायी राजूरच्या गणपतीला जातात; गर्दी कितीही असो, जुनी माणसं तिथे 'बारी'त उभी राहतात. निजामाच्या राज्यात शिकलेले एक आजोबा रांगेला शेवटपर्यंत 'कतार' म्हणायचे, त्यांनाही तिने कधी हटकलं नाही. जे नवं आलं, डांब, नळ, रेशन, कॉलेज, फोन, आणि ज्यांना हाक मारायला आपल्याकडे सोयीचा शब्द तयार नव्हता, ती कामं तिने उचलली. स्पॅनिशने तिच्या बाकीच्या अर्थांसाठी जशा आपापल्या घरच्या मुली पुढे केल्या, तशाच आमच्या आयाबायांनीही केल्या, फक्त कागदावर कुणी मांडलं नव्हतं.

संध्याकाळी पुतणीने आणखी एक गोष्ट सांगितली. इंग्रजीतली लाईन आणि स्पॅनिशमधली लीनेआ, दोघींचं माहेर एकच, लॅटिनमधली 'लीनेआ'. आणि तिचा पहिला अर्थ रेघ नव्हता, दोरा होता. 'लीनुम' नावाच्या झाडाच्या सालीतून धागा निघायचा, त्या धाग्याची दोरी म्हणजे लीनेआ. दोरी ताणून सरळ आखायचं, म्हणून पुढे रेघ. झाडाला स्पॅनिशमध्ये आजही लीनो म्हणतात. तिने फोनवर फोटो काढून दाखवला.

वडिलांनी फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, आणि म्हणाले, "हे तं जवस आहे."

जवसच होतं. बारीक देठ, वर निळं फूल. वनस्पतिशास्त्रातही जवसाच्या नावात तो लीनुम आहे. संस्कृतात ती अतसी, तिचीच अळशी झाली. कृष्णाच्या रंगाला तिच्या फुलाची उपमा देतात. आमच्याकडे गव्हाच्या, हरभऱ्याच्या कडेने दोन-चार तासं जवस टाकायची जुनी रीत आहे. ती बियांसाठी, तेलासाठी, चटणीसाठी. त्याच्या सालीचा धागा आम्ही काढत नाही. दोरीला आमच्याकडे अंबाडीचा वाख. म्हणून बी आमच्या ताटात राहिलं, आणि धागा तिकडे रोमकडे गेला आणि शब्द होऊन राहिला.

आमच्या तालुक्याला रोम तसं परकं नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातली व्यापारी पेठ. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं, त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी हिचं फार साम्य आहे. म्हणजे जे लोक दोरीला लीनेआ म्हणत होते, त्यांच्या घरापर्यंत आमच्याकडच्यासारखं कोरीवकाम दोन हजार वर्षांपूर्वी पोचलेलं होतं. शब्द त्या वाटेने आला असं मी म्हणत नाही. तो इंग्रजांच्या मागून, पलटणी, तारा आणि रूळ यांच्याबरोबर आला. पण जवसाच्या तासावरून जेव्हा अकरा केव्हीची लाईन जाताना पाहतो, तेव्हा मला ती आता परकी वाटत नाही. खाली तिचं बी उभं आहे.

अजून एक रूप यायचं आहे. निजामाच्या काळात मनमाड–हैदराबाद मीटरगेज जालन्यावरून गेली, पण आमचा भाग रुळापासून दूरच राहिला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव नव्या मार्गाला मंजुरी दिली: 174 किलोमीटर, 7,106 कोटी रुपये, राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा रस्ता. तेव्हापासून पारावर 'लाईन कुठून जाणार' हा एकच विषय. कुणी आपली जमीन जाईल या काळजीने विचारतं, कुणी मोसंबी आणि कापूस सरळ डब्यात चढेल म्हणून. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत मात्र हिशेब नसतो. त्यांना फक्त ती एकदा बघायची आहे.

पुतणी पुण्याला निघाली त्या सकाळी तिने कणगीतून मूठभर जवस घेतलं, वहीच्या कागदात पुडी बांधली आणि वर पेनाने लिहिलं: लीनो. वर्गातल्या बाईंना दाखवायचं होतं. आई चुलीपासून पाहत होती.

"नुसतं बी नेऊन काय करतील त्या?" ती म्हणाली, आणि काल कुटलेल्या चटणीची बरणी पिशवीत, पुडीच्या शेजारी, घट्ट झाकण लावून ठेवली.