आईकडच्या चाव्या

आमच्या वाडीतल्या पाच बंद घरांच्या चाव्या माझ्या आईकडे असतात. दर पंधरा दिवसांनी ती दारं उघडते, जळमटं काढते. मी एकदा "रिकामी घरं" म्हटलं, तर भडकली. "चतुर्थीक येतत मा! मगे घर रिकामा कसा?"

जनगणनेला मात्र चतुर्थी माहीत नाही. २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली, चाकरमानी तेव्हा मुंबईत. सिंधुदुर्गची लोकसंख्या भरली ८,४९,६५१. २००१ ला होती ८,६८,८२५. राज्य जवळपास १६ टक्क्यांनी वाढलं, आपण एकोणीस हजारांनी घटलो. हजार पुरुषांमागे १०३६ बायका, याचं बाहेरच्यांना कौतुक. अहो, पुरुष गेलेत कामाला!

आता या आकड्यावरच सगळं ठरतं. डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्राला तीन हजार वस्ती लागते, जिल्हा परिषदेचे गटही लोकसंख्येवरच. म्हणजे माणसं कमी म्हणून सोयी कमी, नि सोयी नाहीत म्हणून पोरं जातात. बातमीत मीही "लोकसंख्या घटली" एवढंच लिहून मोकळा झालो होतो.

माझा मुलगा यंदा बारावीला आहे. पुढे मुंबईच म्हणतो. आई परवा सहज बोलली, "तुझी चावी खंय ठेवतलंस?"