कानानं चालवायची गाडी

मला नव्या गाड्यांचं वावडं नाही. परवाच पुतण्याच्या चौदा चाकी गाडीतून पुण्याहून कोल्हापूरला आलो. पॉवर स्टिअरिंग, एसी केबिन, पाठीला चांगली गादी. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीचं झालंय. हे फार आधी व्हायला हवं होतं. मे महिन्यात इंजिनाला मांडी लावून ज्यानं नागपूर गाठलंय, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. तरीही कुठली गाडी चालवायला तू अजून रात्रभर जागशील, असं कुणी विचारलं, तर मी टाटाची १२१० म्हणेन, आणि तिच्यामागून १६१२.

१२१० म्हणजे मालासकट १२ टन वजन आणि १०० च्या आसपास हॉर्सपॉवर. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२०. पुतण्याच्या गाडीच्या निम्मीही ताकद नाही. मी या धंद्यात आलो तेव्हा जुनी माणसं टाटाच्या गाडीला अजून मर्सिडीजच म्हणायची. टाटांच्या टेल्कोनं १९५४ मध्ये डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. करार १९६९ ला संपला, बोनेटवरचा तारा गेला, पण माझ्या वस्तादाच्या तोंडातला मर्सिडीज काही गेला नाही. लेलँडची कॉमेटही मी चालवली. दणकट गाडी. पण जीव जडला तो टाटावर, आणि त्याला कारण जमशेदपूरच्या खेपा.

सुरुवातीला मी तिथून नव्या चासी आणायचो. पुढं बोनेट, मागं लोखंडाची उघडी चौकट. केबिन नाही, दार नाही. बसायला लाकडी खोकं, डोळ्यांना गॉगल, नाकातोंडाला फडकं. बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश ओलांडून गाडी कराडला बॉडीवाल्याच्या दारात आणून लावायची. तिथं सुतार लाकडी केबिन आणि हौदा चढवायचे. अंग आंबून जायचं, पण गाडी ऐकायला मी त्या खेपांत शिकलो. केबिनच नसल्यामुळं आवाज अडवायला मध्ये काही नसतं. डिफरन्शियलचं गुणगुणणं मागून येतं, गिअरबॉक्सचं पायाखालून, टॅपेटची टिकटिक समोरून. वस्ताद शेजारी बसून मध्येच विचारायचा, "आता कोण बोललं?" उत्तर चुकलं की गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि खाली उतरून दाखवायचा.

पुढं कितीतरी वर्षं मी कोल्हापूरचा गूळ गुजरातला नेला. कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात. रव्यांच्या थप्प्या, वर ताडपत्री, वरून आवळलेल्या रश्शा. पावसाचा एक थेंब आत गेला तर शेठ भाडं कापणार. या वाटेवरची खरी परीक्षा बोरघाटाची, तीही उतरताना. एक्सप्रेस वे तेव्हा नव्हता. जुन्या १२१० ला डबल क्लच लागायचा: क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडून रेस द्यायची, परत क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. रेस कमी-जास्त झाली की दाते करकरणार आणि गिअर बसणार नाही. भरल्या गाडीत उतारावर असं होणं म्हणजे मरण. म्हणून लोणावळा सोडतानाच गिअर ठरलेला असायचा, चढताना जो लागतो तोच. इंजिननं गाडी धरून ठेवायची आणि ब्रेक वळणापुरता राखून ठेवायचा. वाटेत शिंगरोबाच्या देवळाशी किन्नर, म्हणजे क्लीनर, नाणं टाकायचा. हात मीही जोडायचो, पण कान इंजिनकडं. इंजिनचा सूर चढत चालला तर गाडी हातातून सुटत चाललीय, हे काट्याच्या आधी कानाला कळायचं.

या गाड्यांची आणखी एक गोष्ट नव्या पोरांना खरी वाटत नाही. डिझेलचा पंप सगळा यांत्रिक. इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज नाही. बंद करायलाही स्टॉपचा खटका ओढायचा. एका खेपेला जुनी बॅटरी पार मेली, तर दिवसाउजेडी गाडी चालवत घरापर्यंत आणली. चहाला थांबायचं ते उतार बघून, म्हणजे निघताना दुसऱ्या गिअरवर सोडून क्लच उचलला की झालं.

एप्रिल २०२० पासून गाड्या बीएस ६ आल्या. धूर कमी झाला, हे मला मनापासून मान्य आहे. आमच्या गाड्यांचा काळा धूर आधी आमच्याच छातीत गेलाय, त्यामुळं हे नवे नियम हवेतच. मला खुपतं ते वेगळं. गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या गाडीचा एक सेन्सर बिघडला आणि गाडीनं आपणहून ताकद कमी केली. मेकॅनिक लॅपटॉप घेऊन येईपर्यंत तो रस्त्याकडेला बसून राहिला. पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे. पण गाडीला काय झालंय हे त्याला सांगायचंच नाही, असं कुणीतरी दूर कुठंतरी ठरवलंय. लॅपटॉपवर जे दिसतं ते ड्रायव्हरच्या समोर, त्याच्या भाषेत दाखवायला काय हरकत आहे? ज्याच्या भरवशावर वीस-तीस टन माल घाटातून पाठवता, त्याला बिघाड समजून घेण्याचाही हक्क असावा.

आमच्या भागात जुन्या गाड्या आता पाण्याच्या टँकरवर आणि उसावर दिसतात. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रांगेत अजून एखादी १६१२ सापडते. यंदा अशीच एक गाडी मिसिंग करत उभी होती आणि विशीतला एक पोरगा बोनेट उघडून बघत होता.

"मामा, गॅरेजला न्यावी लागेल काय?"

मी सतराचा पाना मागितला. इंजिन चालू ठेवून पहिल्या नोझलच्या पाइपचा नट सैल करायला सांगितला. "बोट पुढं धरू नको, डिझेल कातडीत घुसतं." आवाज उतरला, म्हणजे पहिला सिलिंडर काम करतोय. नट आवळला. दुसरा उतरला, तिसराही उतरला. चौथा नट सैल केला तर आवाजात काहीच फरक नाही. पोरानं माझ्याकडं पाहिलं.

"हाच काय?"

"हाच. नोझल काढून पंपवाल्याकडं दे, फवारा बघून देईल. पण आधी पाचवा आणि सहावा बघ. दोन नोझलही एकदम जातात."

त्यानं पाचवा स्वतःच सैल केला, मान तिरकी करून ऐकलं आणि ओरडला, "उतरला!"

"मग नट आवळ आधी, डिझेल सांडतंय."