लाल पेन्सिल लवकर संपते

नोव्हेंबर सरत आला की वसईत पहाटे शाल लागते आणि माझ्या टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे साचू लागतात. रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये मी मोठ्या माणसांचा वर्ग घेते. वर्ग म्हणणंही जडच. नाताळची रेखाचित्रं मी काढते. पंधरा-वीस बायका आणि दोन निवृत्त काका ती रंगवतात. रेघा माझ्या, रंग त्यांचे.

"आयत्या चित्रात रंग भरायचा, ही कसली कला?" असं एक मैत्रीण दरवर्षी विचारते. तिला मी १८४३ सालची गोष्ट सांगते. लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात सगळ्यांना पत्रं लिहिणं जमेना, म्हणून त्यांनी चित्रकार जॉन हॉर्स्ली यांच्याकडून एक चित्र करून घेतलं. मधोमध जेवायला बसलेलं कुटुंब, दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसं. शिळाछापावर हजारेक प्रती निघाल्या आणि त्यांत रंग भरले गेले ते हातानं. विक्रीला आलेलं पहिलं नाताळकार्ड हे असं रंगवलेलं पानच होतं. किंमत एक शिलिंग. त्यात एक लहान पोर वाइन पिताना दिसतं म्हणून तेव्हा गहजब झाला होता. वर्गात सगळ्यात मोठा हशा इथेच पिकतो.

२०१३ मध्ये स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्डच्या 'सीक्रेट गार्डन'नं मोठ्यांच्या रंगवहीला मान मिळवून दिला. २०१६ मध्ये तिनं नाताळचंही पुस्तक काढलं. काम देखणं आहे. पण आमच्या घरी झाड म्हणून सुरूची फांदी उभी राहायची, तेव्हा मी सुरूच काढते. रंगवायला महाकठीण. सळीसारखी ती पानं एकेक करून रंगवायला गेलात तर ईस्टर उजाडेल. आधी फिका हिरवा हात फिरवायचा, मग गडद पेन्सिलीला टोक काढून मधूनमधून झटके द्यायचे.

नाताळात सगळ्यांचा हात लालवर जड पडतो. पहिल्याच दमात दाबलं की कागद मेणचट होतो आणि वर दुसरा रंग बसत नाही. खाली नारिंगी, वर हलक्या हातानं लालचे तीन-चार थर. सावलीला काळा नको, गडद हिरवा घ्या. लाल मरत नाही, खोल होतो. मेणबत्तीची ज्योत मधे कोरीच सोडा. ते कोरं सोडणं मात्र लोकांना जमता जमत नाही.

रंगवलेलं पान फायलीत लावून ठेवलेलं मला आवडत नाही. जाड कार्डशीटवरच्या पानाचं दुमडून भेटकार्ड होतं, उरलेल्या तुकड्यांच्या फराळाच्या डब्यांना बांधायच्या चिठ्ठ्या होतात. झेरॉक्सच्या पातळ कागदाचा मात्र कंदील करावा. रंगवून झाल्यावर मागून कापसानं तेल चोळलं की कागद पारदर्शक होतो आणि आत बल्ब लावला की चर्चच्या रंगीत काचेसारखा उजळतो. बल्ब एलईडीचाच हवा. तेलकट कागदाजवळ मेणबत्ती नको.

गेल्या वर्षी मी खोबरेल घेतलं. डिसेंबरची सकाळ, बाटली गोठलेली, आणि मला घाई. तशाच गुठळ्या चोळल्या. संध्याकाळी दिवा लावला तर ताऱ्यावर नकाशासारखे डाग. माझा चेहरा पाहून वर्गातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "असू दे बाई, आभाळात ढगही असतात." तो कंदील त्या घरी घेऊन गेल्या, आणि सहा जानेवारीपर्यंत त्यांच्या ओटीवर लागलेला मी पाहिला.

यंदा बाटली आधी कोमट पाण्यात ठेवणार आहे. तुम्ही येणार असाल तर पेन्सिली घरूनच आणा. लाल दोन आणा.