नाव सगळ्यात शेवटी

आमच्या खेळात 'होता' म्हणायला बंदी आहे. 'होती' म्हणायलाही. मनात धरलेली व्यक्ती बाई की पुरुष, हयात की दिवंगत, हे त्या एवढ्याशा क्रियापदातून निसटतं आणि समोरच्यांना दोन प्रश्नांची उत्तरं फुकट मिळतात. म्हणून ज्यानं व्यक्ती धरली आहे त्यानं फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. फारच पेच पडला तर 'सांगता येत नाही'. विचारणाऱ्यांनी 'ही व्यक्ती' असं म्हणत पुढं सरकायचं. त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं आमच्या पडद्यावर जगातली सगळी थोर माणसं स्त्रीलिंगी असतात. मला ती मिनिटं फार आवडतात.

शनिवारी रात्री नऊला आम्ही व्हिडिओ कॉलवर जमतो. नाशिकची मैत्रीण, मडगावचा मित्र, पुण्यात मी, आणखी एक जण दुबईत, एक टोरांटोत. दुबईत तेव्हा साडेसात वाजलेले असतात आणि टोरांटोत, उन्हाळा असेल तर, सकाळचे साडेअकरा. तिथला मित्र दुपारच्या जेवणाची भाजी चिरता चिरता प्रश्न विचारतो. कॉलेजच्या कट्ट्यावर आम्ही रोज भांडायचो, तेही कसल्याही विषयावरून. मग नोकऱ्या लागल्या, शहरं बदलली, आणि फोनवर बोलायला उरलं काय, तर मुलांच्या शाळा आणि आईवडिलांची दुखणी. तेही बोलायलाच हवं. पण ते बोलून झालं की दोन्ही बाजूंना एक शांतता पसरायची. खेळ आला आणि आम्हाला आमचं भांडण परत मिळालं.

खेळ जुनाच आहे. 1946 साली अमेरिकेत तो रेडिओवर आला, पुढच्या वर्षी बीबीसीवर. प्रश्न वीस, त्याहून जास्त नाहीत. त्यामागचं गणित सुंदर आहे. प्रत्येक प्रश्नानं उरलेल्या माणसांची संख्या बरोबर निम्मी होत गेली, तर वीस प्रश्नांत 10,48,576 माणसांमधून एक माणूस शोधता येतो. म्हणजे चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर 'हो' येण्याची शक्यता जेवढी, तेवढीच 'नाही' येण्याची. या हिशेबानं 'पुरुष का?' हा उत्तम प्रश्न ठरायला हवा. आमच्याकडे तो कितीतरी दिवस वाया जात होता, कारण उत्तर बहुतेक वेळा 'हो'च यायचं. आम्ही सगळे, बायकासुद्धा, पुरुषच मनात धरत होतो. हे पहिल्यांदा नाशिकच्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही. तिनं फक्त दर शनिवारी एकेक बाई आणायला सुरुवात केली आणि बघता बघता तो प्रश्न पुन्हा उपयोगाचा झाला.

तिच्या शेजारी तिची आई बसते. काकू अधिकृतपणे खेळत नाहीत, पण त्यांच्या प्रश्नासाठी आम्ही थांबतो. आम्ही 'राजकारणात का?', 'विसाव्या शतकात का?' असे कप्पे करत जातो. काकू माणसाच्या घरात शिरतात. 'यांच्या घरी माझ्यासारखीला चहा मिळाला असता का?' हा त्यांचा प्रश्न. ऐकायला साधा, पण उत्तर देणाऱ्याला जात, काळ, स्वभाव, घरातलं बाईचं स्थान, सगळं एका क्षणात तोलायला लावणारा.

एकदा मी व्यक्ती धरली होती. बाई, महाराष्ट्रातली, एकोणिसाव्या शतकातली, एवढं निघालं. दुबईनं विचारलं, 'डॉक्टर का?' हो. 'स्वतःचा दवाखाना?' नाही. 'मग रुग्णालयात नोकरी?' इथे मला 'सांगता येत नाही' म्हणावं लागलं, कारण कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक झाली होती आणि रुजू होणं राहिलं होतं. सगळे बुचकळ्यात पडले. नोकरी आहे की नाही हे सांगता येत नाही, अशी कुठली नोकरी? तेवढ्यात काकू म्हणाल्या, 'या बाईनं पंचविशी पाहिली का गं?' मी म्हटलं, नाही. आणि पाचही खिडक्यांत कुणी काही बोलेना. नाव सगळ्यांनाच कळलं होतं, पण ते घ्यायची घाई कुणाला नव्हती. कल्याणात जन्मलेली, 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झालेली, पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेलेली, बाविसावं वर्षही पूर्ण न झालेली मुलगी. शेवटी काकूच म्हणाल्या, 'आनंदीबाई.' मग मी सांगितलं की तिची रक्षा न्यू यॉर्क राज्यात पोकीप्सी गावी आहे, तिला आपली मानणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत.

आनंदीबाई जोशी हे नाव मला शाळेपासून पाठ आहे. 'पहिल्या महिला डॉक्टर', एक गुण. शाळेत नाव आधी मिळायचं आणि त्याच्यापुढे एक ओळ, आणि नाव आलं की माणसाचं काम संपायचं. इथे उलटं घडतं. आपण अंधारात हात पुढे करून चालावं तसे आम्ही त्या माणसाकडे जातो. त्याचं वय हाताला लागतं, त्याचं राहून गेलेलं काम लागतं, घर लागतं, आणि नाव येतं तेव्हा आपण त्याच्या अगदी जवळ उभे असतो.

नाव मुळीच आलं नाही, तरी हे घडतं. टोरांटोच्या मित्राची मुलगी बारा वर्षांची आहे. एके दिवशी ती बापाला बाजूला सारून म्हणाली, आज मी. खेळाडू का? तिनं विचार करून 'हो' म्हटलं. धावणारा? हो. ऑलिम्पिक? नाही. स्पर्धा जिंकली? नाही. ठरवलेलं अंतर पूर्ण केलं? नाही. मडगावचा मित्र हैराण. धावणारा, न जिंकलेला, शर्यत पुरी न केलेला, आणि तरी सगळ्या देशाला माहीत? काकूंनी विचारलं, 'पायाला काही झालं होतं का?' मुलगी उडालीच. हो! आजारानं? हो. पंचविशीच्या आत? हो. वीस प्रश्न संपले आणि आमच्यापैकी कुणालाही नाव सांगता आलं नाही. टेरी फॉक्स. कॅन्सरनं एक पाय गेलेला कॅनडाचा तरुण. 1980 साली कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. थंडर बे शहराजवळ थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसांपर्यंत पोचला होता. पुढच्या वर्षी बाविसाव्या वर्षी गेला. ही मुलगी शाळेतर्फे त्याच्या नावानं दरवर्षी धावते. आम्ही हरलो होतो आणि तरीही तो मुलगा आम्हाला पुरता कळला होता. काकू त्याला अजून 'तो आपला पळणारा' म्हणतात.

सगळ्यात मोठं भांडण मात्र मडगावच्या मित्रानं लावलं. मी विचारलं होतं, 'मराठी का?' तो इतका वेळ गप्प बसला की दुबईला वाटलं जोडणी तुटली. मग म्हणाला, 'सांगता येत नाही.' मराठीत लिहिलं? हो. मराठी घरात जन्म? नाही. भारतात जन्म? नाही. लिहिलेलं देवनागरीत छापलं? नाही. ओवीत लिहिलं? हो! इथं मी जागेवरून उठले. फादर स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट, 1579 साली गोव्यात आला आणि 1619 मध्ये तिथेच वारला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं, रोमन लिपीत, 10 हजारांहून अधिक ओव्यांचं. आपण ज्या ओवीला घरची समजतो, तिच्यात परक्या मुलखातल्या माणसानं येशूची कथा सांगितली. शिवाय कोकणीचं व्याकरणही लिहिलं, जे त्याच्या पश्चात 1640 मध्ये छापलं गेलं.

नाव ओळखल्यावर खरा वाद सुरू झाला. टोरांटो म्हणाला, उत्तर 'नाही' हवं होतं, तो इंग्रज होता. मडगाव म्हणाला, चाळीस वर्षं इथं राहिला, इथंच मेला, आणि जे सगळ्यात मनापासून लिहिलं ते या भाषेत. तुझी मुलगी तिकडे जन्मली, मग तिला मराठी म्हणायचं की नाही? टोरांटोत सुरी थांबली. मी मडगावच्या बाजूनं होते आणि अजून आहे. भाषा ज्यांनी आपल्या श्रमानं मिळवली त्यांना ती जन्मानं मिळालेल्यांपेक्षा कमी मिळते, असं मला पटत नाही. त्या रात्री दुसरा डाव झालाच नाही, आणि कुणाला त्याची खंतही नव्हती.

येत्या शनिवारी पाळी माझी आहे. व्यक्ती ठरली आहे आणि पेचही मला आधीच दिसतो आहे. 'भारतात जन्म का?' असं कुणी विचारलं, तर काय सांगू? 1905 साली ब्रह्मदेशात, म्यिंजान इथे. तेव्हा तो मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत होता, आज नाही. मडगाव लगेच कान टवकारेल. 'परदेशात शिक्षण?' हो, बर्लिनला. 'साहित्यिक का?' 'हो' म्हटलं तर दुबई थेट कादंबऱ्यांकडे धावेल, 'नाही' म्हटलं तर 'युगान्त'वर अन्याय. त्या पुस्तकाला 1968 चं साहित्य अकादमी पारितोषिक आहे आणि ते ज्यांनी लिहिलं त्या होत्या मानववंशशास्त्रज्ञ. काकूंची मात्र मला धास्ती आहे. त्यांनी ते पुस्तक कितीदा वाचलंय, त्यांनाच ठाऊक. 'यांचं नाव नदीचं आहे का गं?' असं त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, तर डाव तिथंच संपेल. संपू दे. पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवत डेक्कन कॉलेजला जाणाऱ्या त्या उंच बाईंबद्दल बोलायला मग सगळी रात्र मोकळी.